माझे बॅज आणि बाबांची भिंत

...नाही, तुम्हीच सांगा, चार वर्षं कॉलेज करून, डोळे तपासण्याची पदवी घेऊन, वर लहान मुलांच्या नजरेचा, कॉन्टॅक्ट लेन्सचा आणि उतारवयातल्या डोळ्यांचा असे तीन कोर्स करून, तिन्हींच्या परीक्षा देऊन मी तीन डिजिटल बॅज मिळवले, आणि आमच्याच चष्म्याच्या दुकानात मी काय करते? चष्म्यांच्या डब्या पुसते! का, तर बाबा म्हणतात, "ते सगळं ठीक आहे गं, पण भिंतीवर कुठंय?"

पदवीचा कागद लावावा, तर तो आईनं 'उजेडात पिवळा पडेल' म्हणून कपाटात चादरींखाली ठेवलाय. आणि बाबांची भिंत तुम्ही बघाच एकदा. मधोमध त्यांचा डिप्लोमा, तो इतका पिवळा पडलाय की त्यावरचं नाव फक्त बाबांनाच वाचता येतं, तेही पाठ आहे म्हणून. शेजारी पोहण्याच्या शर्यतीतलं तिसरं बक्षीस. त्याच्या शेजारी काचेच्या कंपनीचं पत्र, 'आपली ऑर्डर मिळाली, आभारी आहोत.' सगळ्यांना सोनेरी चौकटी. गिऱ्हाईक आत आलं की मान वर करून असं भक्तिभावानं बघतं... अहो, पोहण्याचा आणि तुमच्या मोतिबिंदूचा संबंध काय?

मोबाइलवर माझ्या बॅजवर नुसतं बोट ठेवा, परीक्षा कुणी घेतली, कधी, कशाकशाची, मुदत कधी संपते, सगळं उघडतं. पण उघडणार कोण? आजवर एकोणचाळीस जणांनी शाबासकी दिली. त्यातले अडतीस माझ्याच वर्गातले, त्यांच्याकडे हाच बॅज आहे, आणि एकोणचाळिसावी मावशी, तिचा अंगठा चुकून लागला.

बाबांची अट एकच. "माझं एक तरी जुनं गिऱ्हाईक तुझ्याकडून नंबर काढून घेऊ दे, त्या दिवसापासून सकाळची तपासणी तुझी." तर मागच्या महिन्यात बाबा दात काढायला गेलेले आणि दारात मोठ्या बाई. आमच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, मलाही शिकवलंय आणि बाबांनाही. म्हणाल्या, सहा महिने डोकं दुखतंय. म्हटलं, बसा बाई, मी तपासते. "तू?" हे 'तू' कसं, तर सातवीत मी 'गृहपाठ घरी राहिला' म्हटलं होतं ना, तेव्हाचं. मी मोबाइलवर बॅज दाखवला. बाईंनी तो आधी हातभर लांब धरला, मग नाकाला लावला. "मला यातलं काही दिसत नाही. तुझं भिंतीवर कुठंय?"

अहो बाई, दिसत नाही म्हणूनच आलात ना? म्हटलं, भिंतीवरचं तरी दिसतं का? "नाही दिसत. पण ते आहे."

बाबांची वाट बघत दोन तास बसून राहिल्या. बाबा आले, अर्धा गाल बधिर, तशा तोंडानं "नंबर तोच आहे बाई" म्हणाले, आणि बाई ते डोकं तसंच घेऊन घरी गेल्या.

त्या संध्याकाळी मी कडाडून भांडले. बाबांचं पुन्हा तेच, "पण भिंतीवर..." म्हटलं, बरं, लावते भिंतीवर. तिसरा, उतारवयातल्या डोळ्यांचा बॅज छापायला काढला, आणि तुम्हाला सांगते, बाबा चक्क विरघळले. स्वतः टेप काढून भिंत मोजली. "दीड बाय दोन फूट कर. चांगली मोठी." मूळ बॅज बिस्किटाएवढा. पण मला इतकं भरून आलं... चौकटही त्यांनीच ठोकली. हात धुवायच्या बेसिनशेजारी, कमरेच्या उंचीवर. म्हटलं, इतकी खाली? तर म्हणाले, "अगं, लोक खुर्चीत बसतात, त्यांच्या नजरेसमोर नको?" मला वाटलं, किती विचार करतो माणूस!

काल मोठ्या बाई परत आल्या. डोकं दुखतंच आहे. चौकटीकडे बघितलं. "हे तुझं?" हो बाई. "सोनेरी आहे," म्हणाल्या, आणि बसल्या खुर्चीत. बस, इतकंच. पाऊण तास तपासलं, डाव्या डोळ्याचा नंबर चांगला सव्वानं बदललेला. आज नवा चष्मा घातला, पाच मिनिटं रस्त्यावरच्या पाट्या वाचल्या, मग म्हणाल्या, "हलकं वाटतंय गं." बाबांनी मान डोलावली. सकाळची तपासणी माझी!

आणि मग बाई उठून माझ्या चौकटीपाशी गेल्या. वाकल्या. म्हणजे, माझा बॅज खरोखर वाचणारा जगातला पहिला माणूस. बाई नव्या चष्म्यातून नीट बघतात, वर, खाली, आणि बाबांना म्हणतात, "अरे, या चौकटीखाली ओल दिसतेय."

मी बाबांकडे बघितलं. ती टेप, ते दीड बाय दोन, ते बेसिन, सगळं एकदम लख्ख दिसलं मला, चष्म्याशिवाय.

बाबा शांतपणे म्हणाले, "माहितीय बाई. या चौकटीमागची झाकली, पण आता खाली सरकतेय. पुढचा कोर्स लावलाय पोरीला."

लावलाय. सहा आठवड्यांचा. चौकटीचं माप आधीच घेऊन ठेवलंय.