कमलचं मोकळं कपाळ

बसा, चहा उकळेपर्यंत आमच्या शेजारच्या कमलच्या चित्राचं सांगते. तिची पोरगी सुनंदा नांदेडला चित्रकला शिकते. प्रदर्शनात लावायला तिनं आईचंच चित्र काढून आणलं होतं. मी काही बोलावण्याची वाट पाहणारी न्हाई, गेलेच बघायला.

चित्रात कमल नुसती बसलेली. हातांवर रंगाचे जाड थर, चेहऱ्यावर मात्र निळा रंग इतका पातळ, की खालचं कापड दिसून राहिलं. अन् कपाळावर कुंकूच न्हाई!

मी म्हणाले, "काहून गं? बाप चांगला धडधाकट हाय ना तुझा?"

कमलचं तोंडच उतरलं. "हे चित्र कुठंच जाणार न्हाई," ती म्हणाली.

सुनंदा रडवेली झाली. "आई, ही आंघोळीच्या आधीची तू हायेस. पहाटे एकटी चुलीपुढं बसतेस ना, तवाची. हात कामानं जड, पण चेहरा तेवढा हलका."

"हलका कुठला? किती दुःखी दिसते," मी म्हणाले.

कमलनं चित्र पुन्हा नीट पाहिलं. मग आपल्या धुतल्या लुगड्यात ते गुंडाळून तिनं प्रदर्शनाला न्यायला पोरीच्या हाती दिलं.

"दुःखी न्हाई माय," ती मला म्हणाली. "तवा मला कोणी हाक मारत न्हाई. तू उठलीस की संपलं."