चाकूर बसस्थानकावरून नेलेल्या पत्रांच्या पिशवीबाबत

जबाब
पोलीस ठाणे चाकूर, जि. लातूर
दिनांक १४/०७/२०२५, दुपारी १२.१० वाजता

नाव सिंधु भ्रतार संगमेश बिराजदार, वय ४३ वर्षे, धंदा शिवणकाम व शेती, शिक्षण सातवी पास, रा. जुन्या बाजाराजवळ, चाकूर, ता. चाकूर, जि. लातूर.

मी वरील नावाची बाई आज रोजी पोलीस ठाण्यात समक्ष हजर असून, श्रीमती तनुजा पाटोदेकर यांनी दिलेल्या तक्रारी अर्जाच्या चौकशीत मला विचारल्यावरून सांगते की, मी वरील ठिकाणी पती, सासू व मुलगी पुनम, वय १२ वर्षे, यांच्यासह राहते. घरी बायकांचे कपडे शिवते.

तनुजा पाटोदेकर या लातूर येथे महाविद्यालयात शिकवतात. त्यांनी तीन वर्षांपूर्वी आमच्या भागात एक गट सुरू केला. गटात आम्ही आठ बायका व दोन पुरुष आहोत. दर गुरुवारी दुपारी तीन वाजता माझ्या घरी बैठक होते. जगात जे लोक अगदी टोकाच्या गरिबीत आहेत, त्यांना औषध व अन्न मिळावे म्हणून सरकारने जास्त वाटा उचलावा, अशी मागणी आम्ही पत्राने करतो. पत्रे खासदारांना व वर्तमानपत्रांना पाठवतो. आमचा कोणत्याही पक्षाशी संबंध नाही. आम्ही कोणाकडून आधार कार्ड अगर बँकेचे पासबुक घेत नाही.

मी या गटात का गेले असे विचारता सांगते की, सन २०१७ मध्ये मला क्षयरोग झाला होता. माझे वजन चौतीस किलो झाले होते. सरकारी दवाखान्यातून सहा महिने फुकट गोळ्या मिळाल्या व मी बरी झाले. त्या काळात पुनम चार वर्षांची होती. तिला माझ्यापासून लागण होऊ नये म्हणून माहेरी ठेवले होते. ती तिथे सात महिने होती. परत आणली तेव्हा ती मला मावशी म्हणाली. याबाबत माझे अधिक काही सांगणे नाही.

तनुजाताई पहिल्यांदा आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांनी सांगितले की, अशा गोळ्या गरीब देशांना मिळाव्यात म्हणून जगाचा एक निधी आहे व त्यात पैसा यावा म्हणून परदेशातल्या साध्या लोकांनी, शिक्षकांनी, नर्सबायांनी आपापल्या खासदारांना वर्षानुवर्षे पत्रे लिहिली. मी विचारले, "त्यास्नी आमची नावं ठाऊक हुती का?" त्या नाही म्हणाल्या. त्यानंतर मी एकही गुरुवार चुकवला नाही.

संसदेचे अधिवेशन सुरू होण्यापूर्वी, म्हणजे दिनांक १२/०७/२०२५ रोजी शनिवारी सकाळी ११.३० वाजता, लातूरच्या शासकीय विश्रामगृहावर खासदार साहेबांनी आम्हाला पंधरा मिनिटे वेळ दिली होती. ही वेळ मिळवायला आम्हाला पाच महिने लागले. भारताने त्या निधीत आपला वाटा वाढवावा व साहेबांनी तसे सभागृहात विचारावे, ही मागणी होती. त्यासाठी आम्ही दोन महिने गावोगाव फिरून चारशे बारा पत्रे जमा केली. अर्धापूरकडच्या केळीच्या बागेत कामाला जाणाऱ्या बायकांची पत्रे होती. किनवट तालुक्यातल्या एका वसतिगृहातील मुलींनी साठ पत्रे पाठवली होती. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी तोंडाने सांगितले, आम्ही लिहिले व खाली त्यांचा अंगठा घेतला.

दिनांक ०४/०७/२०२५ रोजी मी बोरवाडी, ता. चाकूर येथे गेले होते. तेथील केवळाबाई आप्पासाहेब सोनटक्के, वय ६८ वर्षे, यांनी आपल्या घराच्या ओट्यावर बसून पत्र सांगितले. मी लिहिले, वाचून दाखवले व अंगठा घेतला. त्या वेळी त्यांचा मुलगा लिंबाजी घरी नव्हता. मी त्यांच्या घरी पत्राची नक्कल ठेवली नाही. निरोपही ठेवला नाही. ही माझी चूक आहे.

दिनांक १२ रोजी सकाळी ९.१५ वाजताचे सुमारास मी व गटातील बुद्धप्रिया, वय २२ वर्षे, शिक्षण नर्सिंग चालू, अशा दोघी चाकूर बसस्थानकावर लातूर गाडीची वाट पाहत होतो. तनुजाताई लातूरलाच भेटणार होत्या. पत्रांची पिशवी माझ्या हातात होती. पिशवी मी घरी शिवलेली असून हिरव्या रंगाची, दोन बंदांची आहे. शेजारी बसलेल्या एका बाईने "योजनेचे फारम हायत का? माझा बी एक घ्या की," असे म्हटले. मी तिला समजावून सांगत असताना एक पांढरी पिकअप गाडी येऊन थांबली व त्यातून लिंबाजी आप्पासाहेब सोनटक्के, वय ३८ वर्षे, रा. बोरवाडी, हे उतरून माझ्याकडे आले. मी त्यांना तोंडओळखीने ओळखते.

ते म्हणाले, "माझ्या मायचा आंगठा कशावर घेतलाव?"

मी म्हणाले, "भाऊ, पत्र हाय ते. खासदाराला."

ते म्हणाले, "आमच्या चुलत्यानं बी पत्रच म्हणलं हुतं. नंतर बघतो तर सातबाऱ्यावर त्याचं नाव. कुठाय तो कागद? काढा."

मी म्हणाले, चारशे कागद आहेत, गाडीत बसल्यावर शोधून देते, तुम्हीही लातूरला सोबत चला. त्यांनी पिशवी धरली. मीही धरली. "सोडा, अक्का, मला झोंबाझोंबी करायची न्हाई," असे ते म्हणाले. मी सोडली नाही. एक बंद तुटला व मी फरशीवर पडले. माझ्या उजव्या कोपराला खरचटले. ते क्षणभर थांबले. मला उठवण्यासाठी हात पुढे केल्यासारखे मला दिसले. परंतु बुद्धप्रिया ओरडल्याने लोक जमा झाले आणि ते पिशवी घेऊन गाडीत बसून निघून गेले. त्यांनी मला शिवीगाळ केली नाही अगर मारहाण केली नाही. मला दवाखान्यात जाण्याची गरज वाटली नाही व आताही नाही.

बुद्धप्रिया म्हणाली, "मावशी, आता जाऊन काय करायचं? काय दाखवायचं साहेबांना?" लातूर गाडी लागली तेव्हा मी चढले. ती माझ्या मागून चढली.

तनुजाताईंना फोनवर हकीकत सांगितली. त्यांनी तेथूनच तक्रारी अर्ज तयार करून नंतर पोलीस ठाण्यात दिला. आम्ही ११.२० वाजता विश्रामगृहावर पोहोचलो. बाहेर बरेच लोक बसलेले होते. १२.०५ वाजता आत बोलावले. साहेबांच्या स्वीय सहायकांनी निवेदन मागितले. तनुजाताईंनी पिशवी गेल्याचे सांगितले. साहेब म्हणाले, मग पत्रे मिळाल्यावर या, अधिवेशन झाले की बघू. ते भेटीस आलेल्या पुढच्या माणसाची चिठ्ठी हातात घेऊ लागले.

मी उभी राहिले व म्हणाले, "साहेब, कागद न्हाईत. पर माझं मला पाठ हाय. सांगू का?"

त्यांनी मान हलवली. मी माझे पत्र तोंडी सांगितले. त्यात माझ्या आजाराबाबत व पुनमबाबत वर सांगितल्याप्रमाणे मजकूर आहे. माझे झाल्यावर बुद्धप्रियाने किनवटच्या एका मुलीचे पत्र सांगितले. ती मुलगी आठवीत आहे. आमच्या वसतिगृहात दोन वेळा जेवण मिळते, ज्या देशात मुलींना एक वेळही मिळत नाही त्या पाढे कसे पाठ करत असतील, असे तिने लिहिले होते. नंतर तनुजाताईंनी अर्धापूरच्या दोघींची सांगितली. स्वीय सहायक दोन वेळा दारात येऊन गेले. साहेबांनी त्यांना हाताने थांबवले.

साहेबांनी मला विचारले, "बाई, आपल्याच जिल्ह्यात एवढं करायचं पडलंय. परदेशाचं तुम्ही कशाला अंगावर घेताय?"

मी म्हणाले, "साहेब, इथलं बी मागणारच हाव. पर तिकडल्या लोकांनी 'भारताचं आपल्याला काय' म्हणलं असतं, तर मी आज तुमच्यापुढं उभी नसते."

साहेबांनी सहायकांकडून वही मागवली व तनुजाताईंकडून निधीचे नाव, आकडे वगैरे स्वतःच्या हाताने लिहून घेतले. पत्रे मिळाली तर दिल्लीला सोबत नेतो, शुक्रवारपर्यंत पाठवा, असे म्हणाले. आम्ही १२.५० वाजता बाहेर आलो. बुद्धप्रियाने बाहेरच्या नळावर माझे कोपर धुऊन दिले. त्या वेळी मला दुखत असल्याचे प्रथम जाणवले.

दिनांक १३/०७/२०२५ रोजी रविवारी सकाळी ८.३० वाजताचे सुमारास लिंबाजी सोनटक्के मोटारसायकलवर आमच्या घरी आले. मागे केवळाबाई बसलेल्या होत्या व पिशवी त्यांच्या मांडीवर होती. तुटलेला बंद सुतळीने बांधलेला होता. माझे पती दारात आडवे उभे राहिले. मी त्यांना बाजूला होण्यास सांगितले व दोघांना आत घेतले. पाणी दिले.

लिंबाजी यांनी सांगितले की, अंगठ्याचे त्यांना शेजाऱ्यांकडून कळले होते, बसस्थानकावर मी दिसले म्हणून ते थांबले व शनिवारी घरी जाऊन ते आईचा कागद शोधून फाडणार होते. परंतु अंगठ्याचे कागद शंभराच्या वर निघाले. "कुणाचा आंगठा कुणाचा, काय कळंना. म्हणून वाचाय लागलो. एक वाचला, दुसरा वाचला. कामाला गेलोच न्हाई. दुपार झाली तरी वाचूनच राहिलो." त्यांना आईचे पत्र सापडले तेव्हा त्यांनी ते फाडले नाही.

सदर पत्राचा मजकूर काय असे विचारता, तो मी लिहिलेला असल्याने मला माहीत आहे. तो असा: "खासदार साहेबास रामराम. माझा थोरला बसवंत सतरा वर्षांचा हुता. खोकल्यानं गेला. गोळ्या दोन महिने मिळाल्या, पोरगं उठून बसाय लागलं. मग गोळ्या संपल्या. दवाखान्यात म्हणले, आल्या न्हाईत, पुढच्या महिन्यात या. पुढच्या महिन्यात तो नव्हता. आता आमच्या गावात गोळ्या मिळतात. मला सांगतात की आफ्रिकेत अजून अशा माया हायत ज्यास्नी पुढच्या महिन्यात या म्हणतात. त्यास्नी तसं म्हणू देऊ नका. मला काई नको."

लिंबाजी म्हणाले, "भाऊ गेला तवा मी सात वर्षांचा हुतो. मायनं एकतीस वर्षांत माझ्यापुढं त्याचं नाव घेतलं न्हाई. मला वाटायचं, इसरली." केवळाबाई म्हणाल्या, "कुणी इचारलंच न्हाई रं. ह्या बाईनं इचारलं." माझ्या सासूने चहा केला.

लिंबाजी यांनी माझ्या कोपराकडे पाहून माफी मागितली. मीही नक्कल न ठेवल्याबद्दल त्यांची माफी मागितली. पोलिसांत अर्ज गेल्याचे मी त्यांना सांगितले. तेव्हा, मी स्वतः जाऊन हजर होतो, असे ते म्हणाले. त्याप्रमाणे आम्ही तिघे आज सकाळी पोलीस ठाण्यात आलो व पिशवी जमा केली. आपण पंचांसमक्ष पत्रे मोजली असता चारशे बारा भरली. एकही पत्र फाटलेले नाही.

माझी लिंबाजी सोनटक्के यांचेविरुद्ध कोणतीही तक्रार नाही. त्यांच्यावर कारवाई व्हावी अशी माझी इच्छा नाही. तनुजाताईंचेही फोनवर तसेच म्हणणे आहे व त्या तसे लेखी देणार आहेत. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. इथून पुढे आम्ही ज्याचा अंगठा घेऊ त्याच्या घरी पत्राची नक्कल ठेवू व घरच्यांसमक्ष वाचून दाखवू, असे मी आपल्यासमोर सांगते.

आज १०.४० वाजता मी ठाण्याच्या बाकावर बसलेली असताना स्वीय सहायकांचा फोन आला. साहेबांनी प्रश्न लेखी दाखल केला असून पत्रे लवकर पाठवा, असे त्यांनी कळवले. प्रश्न चर्चेला येईल किंवा नाही, हे आत्ता सांगता येत नाही असेही ते म्हणाले. मी हे बाकावर बसलेल्या सर्वांना सांगितले. त्यात आमच्या प्रकरणाशी संबंध नसलेले दोन इसमही होते. त्यांनीही बरे झाले असे म्हटले.

तरी सदर पिशवी चौकशीकामी ठेवून न घेता आजच माझ्या ताब्यात मिळावी, ही विनंती. लिंबाजी हे आपल्या पिकअपने आम्हाला लातूरला पोहोचवण्यास तयार आहेत. तपासी अंमलदारांनी तशी परवानगी दिल्याने पत्रे माझ्यासमक्ष पुन्हा पिशवीत भरण्यात आली. भरताना केवळाबाई बाकावरून उठून टेबलाजवळ आल्या व म्हणाल्या, "माझं समद्यांच्या वर ठिवा." त्याप्रमाणे त्यांचे पत्र वर ठेवण्यात आले.

माझा वरील जबाब मी बोलले तसा संगणकावर लिहिण्यात आला. तो मला मोठ्याने वाचून दाखवला, मी स्वतःही वाचला. त्यात कमी-जास्त काही नाही, खरा आहे. म्हणून खाली सही करते.

समक्ष,
सही/-
सिंधु संगमेश बिराजदार