पावलांचा रकाना

नाई, नाई साहेब, ते पान फाटलं नाई — मीच दुमडून ठेवलं होतं. तुमी मोजनीचे मानूस, तुमचं बोट बरोबर तितंच थांबलं. आंधी चहा घ्या. धरनाच्या मधात ते बेट दिसते ना खिडकीतून, ते काई तुमच्या नकाशात नाई, ठाऊक हाये मले. धरन व्हायच्या आंधी ती टेकडी होती — टेकडीसाठी कोन भांडते? पानी आलं, बेट झालं, मंग इकल्ल्या काठाले आमचं गाव अन् तिकल्ल्या काठाले भावसिंग नायकाचा तांडा, दोघायलेही पाह्यजे. गावाले त्या गाळात टरबुजाची वाडी लावाची हाये. तांडेवाले म्हन्तात, टिटवीची पिल्लं उडल्याबिगर नांगर घालू नका. म्हाताऱ्यायनं तोड काढली होती — उन्हाळ्यात पानी उतरलं का ज्या काठावरून कोरड्या पायाची वाट आंधी निंघन, त्या साली बेट त्याचं. त्या काठाच्या बाईनं तितं जाऊन पह्यली चूल मांडाची, का झालं.

आता वही. मी सातवी शिकलेला मानूस, पन कोन्त्याही काठाची वाट उघडली का सोता चालत जातो — तारीख, येळ, टिटवीची अंडी, अन् शेवटच्या रकान्यात पावलं. पाहा, चारशे बारा. चारशे सहा. इतं चारशे चाळीस, त्या साली चप्पल तुटली होती, पावलं बारीक पडली. अकरा सालं. पाच आमची, पाच त्यायची. राह्यलं हे एक — बेट कायमचं कोनाचं, हा तुमचा निकाल त्याच्यावरच.

पावलं काहून नाई म्हन्ता? अंडीही नाई. नुस्तं 'वाट मोकळी, पाय कोरडे.' घाई होती साहेब. तांड्यातली सुखीबाई गोवऱ्या घेऊन निंघून राह्यली, असं सरपंच सांगत आला. मी ओट्यावरून पाह्यलं — वाटंच्या मधात बगळे उभे. बगळे उभे हायेत म्हन्जे जमीन हाये. चहा पेता पेता लिहून टाकलं. बगळ्याचं वजन किती राह्यते? — मी इचारलं मंग एका मास्तरले. अर्धा किलोही नाई भरत.

आमच्याकडून चूल मांडाले कोन गेलं? कोकिळा. घरवाली माही. माह्या वहीवर तिचा लय भरवसा, चिडवे मले — 'देव एखांद्या दिवशी झोपते, तुमची वही नाई झोपत.' डोक्यावर घमेलं, त्याच्यात गोवऱ्या अन् काडेपेटी. वरतून पापुद्रा वाळला होता, खाली सारा गाळ. भावसिंगनं घराचं दार उपसून आनलं, गाळावर टाकलं, त्याच्यावर पोटानं सरकत गेला. त्यानंच काढलं तिले. उशीर झाला होता. घमेलं सुलटंच होतं गाळावर — गोवऱ्या कोरड्या. मले रडू येत नाई साहेब, तुमी कप ठेवू नका, प्या.

अन् भावसिंग आला कुठून? तिकल्ल्या काठावरून, बेटावरून, धावत. त्याच्या पायाले बेटापर्यंतचा चिखल नव्हता. धूळ होती. ते मी पाह्यलं. लिहिलं नाई. त्या साली सुखीबाईनं चूल मांडली नाई, तांड्यातून दुसरंही कोनी चूल मांडाले गेलं नाई, म्हनून सारे ते साल आमचं धरतात. आता बाहेर पारावर गावातले बसले हायेत ना, ते काल येऊन गेले — बबनराव, चारशे दहा लिहून टाका, कोन मोजते? नाईतर वहिनी फुकट गेली म्हना.

द्या वही इकडं. पेन नको, माहा हाये.

हे घ्या. वाचता येते ना? 'पावलं शून्य. गेलो नाई. बगळे पाहून लिहिलं. तांड्याची वाट कोरडी होती.' खाली सही. तारीख आजची टाकली — मांगची नाई टाकत मी.

जा आता, ऊन चढते. पारावर इचारतीन तुमाले. सांगजा, बबनरावानं रकाना भरला.