गेमच्या पेटीची उंची

बायकोच्या मृत्यूचा दाखला आणायला मी भोरच्या दवाखान्यात गेलो होतो. शेजारी एक नवराबायको कागदावर लेकीसाठी व्हिडिओ गेमची पेटी आखत होते.

"वर जुना टीव्ही, खाली जॉयस्टिक आन् सहा बटणं. प्लाय जाड घेऊ."

"उंची किती धरलीय?"

"साडेतीन फूट. उभं राहूनच खेळत्यात ह्यो गेम."

"शेफाली कशी उभी ऱ्हाईल?"

"दिवाळीपतुर ऱ्हाईल."

"अवो, आता चालणं व्हायचं न्हाई, आसं डॉक्टर म्हणले ना मगाशी?"

"त्यांना काय कळतंय?"

"मग तुमाला कळतंय? तुमी सुतार."

नवऱ्यानं कागद पुन्हा पुढ्यात ओढला.

"तिची चाकाची खुर्ची पेटीखाली गेली पायजे. न्हाईतर लेक नुसती बघत बसंल."

"तिच्या चाकाच्या खुर्चीची उंची किती हाय गं?"

"सव्वादोन फूट. म्या सकाळीच मोजून आणलीय."