चकातला नारळ

चहा पाजा, पण आमच्या शेठला शहाणा म्हणू नका. कामतघरला कारखान्यात आमच्या लेथच्या चकाचे, म्हणजे लोखंड धरून गरगर फिरवणाऱ्या पकडीचे, जबडे इतके झिजले होते की पकडलेलं लोखंड सुटून माझ्या कानाजवळून गेलं. मी म्हटलं, “शेठ, जबडे बदला, न्हायतर मी मरतो!”

“काका, दसऱ्याची पूजा होऊ द्या. मशीन आपोआप सुधरेल.”

पूजेला माणसं नारळ फोडतात, याने तो चकातच आवळला. “बघा, कसा घट्ट धरलाय!” म्हणत बटण दाबलं. नारळ सुटला तो थेट शेठच्या कपाळावर.

टेंगूळ चोळत शेठ म्हणाला, “तुमचं खरं हाय, काका. आजच नवीन आणतो.”

आणलं की संध्याकाळी. जबडे न्हाय, हेल्मेट. ते पण स्वतःला.