टॉमकॅट किडा आणि पाक वागिमान

इंडोनेशियातल्या सुराबायाच्या सरकारी दवाखान्यात रांगेत माझ्यापुढे आमचे वस्तीप्रमुख पाक, म्हणजे श्रीयुत, वागिमान बसले होते. मानेवर फोडांचा लालभडक पट्टा. शेजारी भाजीवाली बू, म्हणजे बाई, सुलास्त्री. तिने त्यांना विचारलं,

"पाक, टॉमकॅट किडा?"

"हो ना. उद्या जनजागृतीबद्दल माझा सत्कार, आणि आज हे!"

"'किडा चिरडू नका, फुंकर मारा' अशी पत्रकं तुम्हीच वाटलीत ना?"

"घरोघर."

"मग चिरडलात कशाला? विष त्याच्या अंगातच असतं."

"अहो, सवयीने हात उठला."

"साबणाने तरी धुतलंत?"

"टूथपेस्ट लावली."

"अगंबाई! तळहात दाखवा बघू. इथे तर एकही फोड नाही. मारलात कशाने?"

"हातात होतं त्याने."

"काय होतं हातात?"

"उरलेली पत्रकं."