सेनाहिद मास्तरांचा शुक्रवारचा तास

...नाही, पण घड्याळ मागे करायची ही अक्कल ज्या कुणाची असेल, त्याला एकदा जुम्म्याच्या नमाजाला पाठवा, मग कळेल! तुम्हाला सांगते, ऑक्टोबर सरत आला की हे स्वीडिश लोक अख्ख्या देशाची घड्याळं तासभर मागे ओढतात. पण सूर्याला विचारलंय का कुणी? तो आपला डोक्यावर यायचा तेव्हाच येतो! म्हणजे आमची शुक्रवारची नमाज, गेल्या आठवड्यापर्यंत सव्वा वाजता असायची, ती एकदम सव्वाबाराला. आणि मेले कोण? आमचे सेनाहिद मास्तर!

मास्तर माझ्या डोक्यावर राहतात, म्हणजे वरच्या मजल्यावर. मी कान लावत नाही हं, पण इथल्या भिंतीच अशा, माणूस उसासला तरी खाली कळतं. आणि त्या सोमवारी मास्तर असे उसासत होते की मी कॉफीचं भांडं उचललं नि वर गेले. शेजारीण आणखी कशाला असते?

तर मास्तर इथल्या विद्यापीठात आमची बोस्नियन शिकवतात. विद्यार्थी चार! दोन आमच्याच लोकांची नातवंडं, एक बोस्नियन बायको केलेला स्वीडिश पोस्टमन, आणि चौथी का येते हे तिलाही ठाऊक नाही. मास्तरांनी ऑगस्टमध्ये भांडभांडून शुक्रवारचा तास बारा ते एक करून घेतला होता, म्हणजे तास संपवून सरळ मशीद. आता नमाजच तासाच्या पोटात आली! गेले विभागप्रमुख गुनवोरबाईंकडे, तास पुढे ढकला म्हणून. तर बाई मान एका बाजूला कलती करून म्हणतात, "सेनाहिद, तुमच्या श्रद्धेबद्दल आम्हाला फार फार आदर आहे. पण ही वेळ तुम्हीच मागितली होती ना?"

आदर म्हणे! वर आणखी, "याच शुक्रवारी समिती तुमच्या तासाला बसणार आहे. बोस्नियन ठेवायची की बंद करायची, ते त्यावरच ठरेल."

माझा तर पारा चढला. मास्तर मात्र साखरेचा खडा कॉफीत बुडवत म्हणतात, "सबूर, रासेमा, सबूर."

मग बसले आठवणी काढत. मास्तरांचे वडीलही मास्तरच, तिकडे बोस्नियात, त्राव्निक गावाला. त्या काळात शिक्षकाने मशिदीत जाणं म्हणजे नोकरीवर पाणी. आणि हेडमास्तर कोण, तर कट्टर कम्युनिस्ट पार्टीवाला, देवाचं नाव काढलं की शिंकायचा! पण शुक्रवारी दुपार झाली की हाच माणूस वर्गाच्या दारात येऊन ओरडायचा, "कॉम्रेड, तुमची तंबाखू संपली वाटतं? जा, घेऊन या. मुलांना मी बघतो." वडिलांनी जन्मात तंबाखू ओढली नव्हती हो! आणि हेडमास्तरला ते माहीत होतं, पोरांना माहीत होतं, सगळ्या त्राव्निकला माहीत होतं... आदरबिदर शब्दसुद्धा कुणी उच्चारला नाही कधी. सांगताना मास्तरांचे डोळे भरले, मग माझेही भरले, मग कॉफी गार झाली, ती दुसरी केली.

दुसऱ्या कपाला मास्तर ताडकन उठले. "रासेमा! खुतबा बोस्नियनमध्येच असतो की, इमामांचं सगळं प्रवचन! समितीला तिथेच नेतो. जिवंत भाषा! तीनशे माणसं मन लावून ऐकताहेत, याहून मोठा पुरावा कुठला?"

खरंच होतं हो! आमचे मुहारेम इमाम बोलायला लागले की वाटतं, घाटावर आपलीच आजी कुणाला झापतेय.

शुक्रवारी मी आधीच जाऊन वर बायकांच्या सज्जात जागा धरली. मला काय करायचंय म्हणा, पण समितीचं तोंड तरी बघावं! ट्रामने सगळे आले, मास्तर पुढे, चार विद्यार्थी, मागे समितीचे दोघे मोज्यांतले पाय चोरत. गुनवोरबाई वर आल्या, त्यांना मी माझा निळा रुमाल बांधून दिला. गोड दिसत होत्या, खोटं कशाला बोलू?

इमाम मिंबरावर, त्या प्रवचनाच्या उंच पायऱ्यांवर, चढले. खाली पाहिलं. पाहुणे दिसले. चेहरा असा उजळला... अहो, आमच्या माणसाला पाहुणा दिसला की त्याचं भान सुटतं! घरचे उपाशी राहिले तरी चालतील, पाहुण्याला अवघडल्यासारखं वाटता कामा नये!

आणि इमामांनी सबंध खुतबा दिला स्वीडिशमध्ये. सबंध! शेजारधर्मावर! आमच्या म्हाताऱ्या एकमेकींना कोपरं मारताहेत, "काय म्हणतोय? कोण वारलं?" खाली मास्तरांची मान दर वाक्याला इंचभर खाली. मी वरून सबूर, सबूर पुटपुटतेय, आणि गुनवोरबाई माझा हात दाबून म्हणतात, "किती स्पष्ट! मला शब्दन् शब्द कळला!"

बाहेर येऊन त्यांनी मास्तरांचे आभार मानले. "सुंदर अनुभव, सेनाहिद. आणि केवढा दिलासा! मशिदीतसुद्धा आता बोस्नियनवाचून अडत नाही." संपलं! उन्हाळ्यानंतर वर्ग बंद.

तेवढ्यात इमाम धावत आले, मास्तरांचे दोन्ही हात धरले. "काय मास्तर, पाहुण्यांसमोर आपली लाज राखली की नाही? काढा एक तरी चूक!"

मास्तरांनी मान हलवली. "नाही हो," म्हणाले. "एकही नाही."

ट्राममध्ये मला राहवेना. म्हटलं, "मास्तर, हे इमाम येऊन पाचच वर्षं झाली. एवढी चोख स्वीडिश यांना शिकवली तरी कोणी?"

मास्तर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "दर बुधवारी माझ्याकडे यायचा बिचारा. मीच."